एक्सप्लेनर : पांझरेपासून कावेरीपर्यंत... विश्वेश्वरय्यांनी प्रत्येक प्रकल्पाला वेगळी पद्धत का लावली?

धुळे/जळगाव, डिजिटल डेस्क : दरवर्षी १५ सप्टेंबर आला की जळगाव, फैजपूर, शिरपूर आणि धुळ्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत म्हैसुरी पगडीतल्या एका फोटोला हार घातला जातो. अभियंता दिन साजरा होतो. व्हॉट्सॲपवर रेल्वेच्या आवाजावरून रूळ तुटल्याचे ओळखल्याची गोष्ट फिरते, सरकारी आणि खासगी अशा दोन मेणबत्त्यांची गोष्ट फिरते. या गोष्टी खऱ्या की रचलेल्या, हा वाद बाजूला ठेवला तरी एक बाब मात्र फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीतली पहिली मोठी कसोटी खान्देशात लागली होती, आणि तिथे ते सुरुवातीला अडखळले होते.

साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाणी नेणाऱ्या सायफनचे ते काम. पुढे सक्कर, खडकवासला, नीरा कालवा, एडन, हैदराबाद, कृष्णराजसागर अशी कामांची रांग लागली. यातल्या कुठल्याही दोन ठिकाणी त्यांनी एकच पद्धत जशीच्या तशी वापरलेली दिसत नाही. आज पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या खान्देशी तरुणांना ‘टेलरिंग’ हा शब्द ओळखीचा असेल. प्रकल्प व्यवस्थापनाच्या ‘पीएमबॉक’ या मार्गदर्शकाच्या २०२१ च्या सातव्या आवृत्तीत परिस्थितीनुसार पद्धत बेतणे हे एक मूळ तत्त्व म्हणून दिले आहे. शिंपी जसा माप घेतल्याशिवाय कापड कापत नाही, तसेच हे. विश्वेश्वरय्यांच्या काळात हा शब्द नव्हता. काम मात्र तेच होते.

कोण होते विश्वेश्वरय्या?

आताच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या गावी १५ सप्टेंबरला त्यांचा जन्म झाला. साल काही ठिकाणी १८६०, तर बहुतेक ठिकाणी १८६१ दिलेले आढळते. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते. ते लवकर गेले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना विश्वेश्वरय्यांनी शिकवण्या घेऊन खर्च भागवला. पदवी मिळाल्यावर म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले आणि कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये दाखल झाले. १८८३ मध्ये एल.सी.ई. परीक्षेत ते पहिले आले.

मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने त्यांना लगेच घेतले. १८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून ते रुजू झाले आणि सुरुवातीच्या काळातच त्यांची रवानगी खान्देशात झाली. तेव्हा जळगाव आणि धुळे हे वेगळे जिल्हे नव्हते. एकच मोठा खान्देश जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय धुळे. पूर्व आणि पश्चिम खान्देश ही वाटणी १९०६ मधली. पुस्तकात पहिला आलेला, विशीतला, बाहेरून आलेला एक पोरगा अभियंता घोड्यावरून पांझरेकाठी फिरू लागला.

पांझरेवर नेमके काय झाले?

कालव्याचे पाणी नदीच्या एका पात्रापलीकडे न्यायचे होते. मार्ग दोनच. वरून पूल बांधून पन्हाळ न्यायचे किंवा खालून नळ टाकायचा. पुलाचा खर्च मोठा आणि पुराच्या लोंढ्यात तो टिकेल याची हमी नाही, तेव्हा दुसऱ्या मार्गाला वजन येते. या ठिकाणी नळाचा सायफन करायचे ठरले होते.

सायफनचे गणित शाळेतल्या यू आकाराच्या नळीचे आहे. एका काठावर पाणी नळात शिरते, पात्राखाली उतरते आणि दुसऱ्या काठावर पुन्हा वर येते. बाहेर पडण्याचे तोंड आत शिरण्याच्या तोंडापेक्षा थोडे खाली असले की झाले. पंप नको, इंजिन नको. फरक किती ठेवायचा हे नळाची लांबी, व्यास आणि आतल्या घर्षणावर ठरते. कागदावर हे गणित अवघड नाही. अवघड असते ते पात्रात चर खणणे, त्यात नळ नीट बसवणे, जोड पक्के करणे आणि वरून दगडमाती भरून तो बुजवणे. हे सगळे नदी कोरडी असतानाच होऊ शकते.

इथेच गाडी अडली. काम सुरू झाले आणि पावसाळा लागला. पांझरा ही सह्याद्रीतून उतरणारी, वर्षाचा बराच काळ शांत असणारी नदी. वर पिंपळनेरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी येते. हे नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असते, पुण्याहून आलेल्या अभियंत्याला ते पात्रात उभे राहून शिकावे लागले. खणलेला चर पुराच्या गाळाने आणि वाळूने भरायचा. तो उपसायचा, की पुन्हा पूर. केलेले काम आणि झालेला खर्च दोन्ही वाहून जात होते.

विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठ कार्यकारी अभियंत्याला लिहून कळवले की हे काम पावसाळा संपेपर्यंत थांबवावे. साहेबाला ते रुचले नाही. नव्या नोकरीत पहिल्याच कामावर माघार घेणे शोभत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. आता दोन वाटा होत्या. हट्ट धरून काम बंद ठेवायचे, किंवा आदेश पाळून काम चालू ठेवायचे. त्यांनी दुसरी वाट घेतली. आपले मत लेखी नोंदलेले होतेच, त्यानंतर ते अडचणींसकट काम पुढे नेत राहिले. एकदा तर नदीला अचानक पाणी आल्याने ते पलीकडच्या बाजूला अडकून पडले. अखेर सायफन पूर्ण झाला. वरिष्ठांनाही प्रत्यक्ष परिस्थिती कळली आणि या तरुणाबद्दलचे त्यांचे मत बदलले.

यात बरोबर कोण होते? तांत्रिकदृष्ट्या विश्वेश्वरय्याच. पण आराखडा करताना नदीचे वेळापत्रक विचारात घेतले नव्हते, ही चूक त्यांच्या आधीच झालेली होती. तीच त्यांना निस्तरावी लागली. त्यांच्या पुढच्या कामांत हंगाम, पाऊसमान आणि पुराची आकडेवारी सर्वांत आधी गोळा केलेली दिसते. त्याची सुरुवात पांझरेच्या या गाळात शोधायला हरकत नाही.

धुळे शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. कामाची भाषा अर्थातच मराठी. मजूर, मुकादम, पाटील, कुलकर्णी यांच्याशी बोलल्याशिवाय मोजणीची दोरीसुद्धा हलत नव्हती.

फड पद्धत काय होती?

ज्या पांझरेवर विश्वेश्वरय्या नळ टाकत होते, त्याच नदीवर त्यांच्या येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून एक संपूर्ण व्यवस्था चालू होती. तिचे नाव फड. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, गावकऱ्यांनी दगडी बंधारे घातले होते. बंधाऱ्यातून पाट निघायचा, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतात पाणी.

भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडलेले असत. एक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात ज्वारी-बाजरी, एखादा पडीक. पुढच्या वर्षी पिकांची जागा बदलायची. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने नदीला पाणी कमी आले आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा सगळ्यांच्या वाट्याला येई. एकच माणूस बुडतोय आणि बाकीचे तरले, असे सहसा होत नसे. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या आणि त्यांचा मोबदला बहुतेक धान्यात. पाट साफ करायला घरटी माणूस.

आजच्या भाषेत सांगायचे तर हा स्थानिक टीमने चालवलेला प्रकल्प होता. दर हंगामाला बंधाऱ्यातले पाणी बघून नवा आराखडा. नियम तोंडी, पण सगळ्यांना पाठ. ही गोष्ट पुढे नीरा कालव्याच्या वेळी पुन्हा आठवावी लागेल.

सक्कर : पैसे नाहीत, मग गाळणी कोणाची?

त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होते. सिंधू नदीकाठच्या सक्कर शहराला पाणी द्यायचे काम १८९४-९५ मध्ये विश्वेश्वरय्यांकडे आले. नदी दाराशी, पण पाणी गढूळ. ठरलेली पद्धत अशी की पाणी उपसून टेकडीवर न्यायचे, तिथे वाळूच्या गाळण्या बांधायच्या आणि मग नळाने शहरात सोडायचे. गाळण्या बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता.

योजना रद्द करणे किंवा अनुदानाची वाट पाहणे हे दोन सोपे पर्याय होते. विश्वेश्वरय्यांनी पाहिले की नदीच्या पात्रात वाळू आहेच. मग वेगळी गाळणी कशाला? काठाशी विहीर खोदली आणि तिच्या तळातून पात्राखाली बोगदा नेला. वाळूतून झिरपत आलेले स्वच्छ पाणी विहिरीत जमू लागले. तेथून पंपाने ते टेकडीवर चढवले. पांझरेवर वाळू त्यांची शत्रू होती, चर बुजवत होती. सक्करला त्याच वाळूला त्यांनी कामाला लावले.

खडकवासला : भिंत न वाढवता साठा कसा वाढला?

पुण्याला परतल्यावर मुठा कालव्याचा प्रश्न समोर होता. खडकवासल्याच्या फाइफ जलाशयातून दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जायचे आणि उन्हाळ्यात शहर व कालवा दोघांनाही ते कमी पडायचे. साधे उत्तर म्हणजे धरण उंच करणे. पण भिंत जुनी, तिच्यावर आणखी दगड रचणे धोक्याचे आणि खर्चाचे.

इथे त्यांनी आकडेवारी पाहिली. पुराच्या वेळी सांडव्याच्या माथ्यावर सहा ते आठ फूट पाणी चढत होतेच आणि धरण ते सोसत होते. म्हणजे तेवढ्या उंचीपर्यंत पाणी अडवले, तर भिंतीवर नवीन भार फारसा येत नाही. अडचण एवढीच की पूर आल्यावर ते वेळेत सोडता आले पाहिजे. त्यासाठी त्यांनी स्वयंचलित दारे तयार केली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की दार आपोआप उघडते, पातळी उतरली की बंद होते. रात्री-अपरात्री धावपळ करून दार उचलायला माणूस लागत नाही. १९०३ मध्ये ही दारे खडकवासल्याला बसली. त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले, पण सरकारी नोकरीत असताना केलेले काम म्हणून सरकारकडून मानधन घेतले नाही. नंतर ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावरही अशी दारे आली.

ब्लॉक पद्धत आणि नीरेचे बागायतदार

दारांचा प्रश्न लोखंडाचा होता. नीरा कालव्याचा प्रश्न माणसांचा होता आणि तो जास्त किचकट ठरला.

दख्खनचे कालवे मुख्यतः दुष्काळापासून संरक्षण म्हणून बांधले गेले. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घ्यायला पुढे येत नसत, कारण पाणीपट्टी पडते. पाऊस ओढला की सगळे एकदम धावत. मधल्या काळात कालव्याच्या तोंडाशी असलेले ऊसवाले वर्षभर पाणी घेत आणि शेवटच्या टोकाला पाटात धूळ. ज्या जमिनीत सतत पाणी मुरले, ती पाणथळ आणि खारवट होऊ लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने हा गोंधळ उघडा पाडला.

विश्वेश्वरय्यांनी मांडलेल्या ब्लॉक पद्धतीत प्रत्येक गावातली चांगली, निचऱ्याची जमीन निवडून तिचे गट पाडायचे होते. एका गटात काही भाग ऊस, काही भाग मध्यम पाण्याचे पीक आणि काही भाग कमी पाण्याचे पीक. त्यांची फेरपालट. पाण्याची मंजुरी दरवर्षी मागायची गरज नाही, ती काही वर्षांसाठी एकदम. त्यामुळे शेतकऱ्याला भरवसा, सरकारला ठरलेले उत्पन्न आणि तेच पाणी जास्त गावांत पोहोचणार.

हे वाचताना फड आठवला नाही तर नवल. जमिनीचे भाग, ठरलेली पिके, फेरपालट या सगळ्या गोष्टी पांझरेकाठी आधीच होत्या. तरी ब्लॉक पद्धत म्हणजे फडाची नक्कल नव्हे. फड गावाचा, ब्लॉक खात्याचा. फडात दर हंगामाला पाणी बघून निर्णय, ब्लॉकमध्ये अनेक वर्षांचा करार. फडात नियम मोडणाऱ्याला गाव जाब विचारी, ब्लॉकमध्ये कालवा अधिकारी. शे-दोनशे शेतकऱ्यांच्या बंधाऱ्यावर जे तोंडी चालते, ते मैलोन्मैल लांबीच्या कालव्यावर चालत नाही. त्यासाठी नकाशा, नोंदवही आणि सही लागते. मोठ्या आकारासाठी पद्धत बदलणे भाग होते.

बागायतदारांनी सुरुवातीला विरोध केला. हवे तिथे, हवे तेवढे पाणी घेण्याची मोकळीक जाणार, ही भीती होती. बैठका झाल्या, समजावणी झाली, मग पद्धत रुळली. १९०१ मध्ये नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगासमोरही तिची चर्चा झाली. पण पूर्ण यश म्हणणे अवघड आहे. उसाला मर्यादित जागा देण्याचा हेतू असला तरी पुढच्या दशकांत दख्खनच्या कालव्यांवर उसाचेच प्राबल्य वाढत गेले. कागदावरची फेरपालट आणि बाजारभाव यांच्या झटापटीत बहुतेक वेळा बाजारभाव जिंकतो. फडात गावाची नजर होती, ब्लॉकमध्ये त्या जागी नोंदवही आली. नजर जास्त कडक होती.

एडन, मग राजीनामा

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आले. तिथे पाऊस जवळपास नाही आणि समुद्राचे पाणी गोडे करून लष्कर व शहर चालत होते. त्यांनी आजूबाजूचा मुलूख पालथा घालून लाहेजकडच्या कोरड्या नदीपात्रात विहिरी खोदण्याचा पर्याय सुचवला. सक्करची युक्ती इथे थोड्या वेगळ्या रूपात दिसते. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर या ठिकाणच्या पाणी योजनांशीही ते या काळात जोडलेले होते.

१९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मुख्य अभियंत्याचे पद त्या काळी भारतीय माणसाला मिळणे जवळजवळ अशक्य होते, हे त्यांना दिसत होते. वयाची पन्नाशी यायची होती. पुढची त्यांची सर्वांत मोठी कामे या राजीनाम्यानंतरची आहेत.

हैदराबाद : आधी कारण, मग उपाय

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त केले. हजारो माणसे गेली. परदेश दौऱ्यावर असलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने बोलावले आणि १९०९ मध्ये ते शहरात आले.

लोकांची मागणी सोपी होती, नदीला उंच भिंती बांधा. त्यांनी आधी वरच्या खोऱ्याचा हिशेब मांडला. तिथे शेकडो लहान तलाव होते. अतिवृष्टीत त्यांतले दोनशेहून अधिक फुटले आणि एकाचे पाणी दुसऱ्यावर कोसळत गेले. म्हणजे शहरावर आलेला पूर फक्त पावसाचा नव्हता, साखळीने फुटलेल्या तलावांचाही होता. शहरात भिंती कितीही उंच केल्या तरी मूळ कारण वरच राहणार. म्हणून मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वरच्या अंगाला दोन मोठे जलाशय बांधून पूर तिथेच रोखण्याची योजना त्यांनी दिली. जोडीला नदीकाठाची सुधारणा आणि सांडपाण्याच्या गटारांची व्यवस्था. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. तोवर विश्वेश्वरय्या कधीच म्हैसूरला गेले होते. आराखडा त्यांचा, बांधणी इतरांची. त्यांच्या चरित्रात या इतरांची नावे सहसा गळतात.

कृष्णराजसागर : निम्म्या परवानगीत पूर्ण पाया

नोव्हेंबर १९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर धरण बांधायची कल्पना पुढे आली, पण अडथळे तिन्ही बाजूंनी होते. संस्थानाच्या तिजोरीला खर्च झेपेल का, ही शंका. खालच्या बाजूच्या मद्रास सरकारचा पाण्यावरचा हक्क. आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींना शिवनसमुद्रमहून ठरलेल्या मुदतीत जास्त वीज देण्याचा करार.

सगळे प्रश्न सुटेपर्यंत थांबायचे म्हटले असते तर धरण झालेच नसते. त्यांनी काम टप्प्यांत तोडले. पहिल्या टप्प्यात सुमारे ८० फूट उंची, ज्याला मद्रासची हरकत तुलनेने कमी. पण पाया मात्र १३० फुटी धरणाला पुरेल इतका रुंद. परवानगी पूर्ण धरणाची नव्हती. पाया नंतर रुंदावता येत नाही, उंची मात्र नंतर चढवता येते, हा त्यामागचा तांत्रिक हिशेब. मद्रासच्या नजरेतून पाहिले तर ही चलाखी होती आणि त्यावरून वाद पेटलाही. प्रकरण लवादापुढे गेले. १९२४ चा करार झाल्यावरच पूर्ण उंचीचा मार्ग मोकळा झाला आणि धरण पूर्ण व्हायला १९३१-३२ उजाडले.

बांधकामावर सुमारे दहा हजार मजूर होते. सिमेंट तेव्हा आयात व्हायचे आणि महाग पडायचे, म्हणून चुना आणि विटांची भुकटी मिसळून केलेली सुरकी वापरली. पुराचा काळ धरून उलटे वेळापत्रक आखले गेले. अमुक महिन्यापर्यंत भिंत अमुक उंचीवर आलीच पाहिजे, नाहीतर पुढचे वर्ष वाया. आठवड्याच्या कामाचा हिशेब घेतला जाई आणि गरज पडली तेव्हा रात्रीही काम चाले. खाणींना वीज देण्याची मुदत गाठली गेली. पांझरेवर नदीने अभियंत्याचे वेळापत्रक मोडले होते. तीस वर्षांनी कावेरीवर अभियंत्याने नदीचे वेळापत्रक आधी लिहून घेतले होते.

या धरणात मालकी एकट्याची नव्हती. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी पैसा उभा केला, अनेक अभियंत्यांनी हयात घालवली आणि पाण्याखाली गेलेल्या गावांनी जमीन दिली.

कुठे ही पद्धत चालली नाही?

१९१२ ते १९१८ विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर विद्यापीठ, म्हैसूर बँक, कारखाने, शाळा, सगळे याच काळातले. संस्थान म्हणजे एक मोठा प्रकल्प असल्यासारखा त्यांनी कारभार केला. उद्दिष्टे, समित्या, अहवाल, आढावा.

मात्र नोकऱ्यांत मागास समाजांना वाटा मिळावा ही मागणी आली, तेव्हा ते अडले. महाराजांनी १९१८ मध्ये लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जातीच्या आधारावर राखीव जागा देणे विश्वेश्वरय्यांना मान्य नव्हते. गुणवत्ता हा एकच निकष असावा, ही त्यांची भूमिका. मतभेद वाढले आणि त्यांनी दिवाणपद सोडले. प्रत्येक नदीचे पात्र वेगळे असते हे ज्याला पांझरेपासून ठाऊक होते, त्याने शिक्षणाची दारे पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेल्या समाजाला तेच एक माप लावले. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या कार्यक्रमांत हा भाग क्वचितच येतो. काळाने मात्र कौल महाराजांच्या बाजूने दिला.

नंतरची चाळीस वर्षे

दिवाणपद सोडल्यावर त्यांनी भद्रावतीचा तोट्यातला लोखंड कारखाना हाती घेतला. १९३४ मध्ये ‘प्लॅन्ड इकॉनॉमी फॉर इंडिया’ हे पुस्तक लिहून दहा वर्षांच्या राष्ट्रीय योजनेचा आराखडा मांडला. पहिली पंचवार्षिक योजना त्यानंतर सतरा वर्षांनी आली. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

नव्वदी ओलांडल्यावर त्यांना आणखी एक काम सांगितले गेले. बिहारमध्ये गंगेवर रेल्वे आणि रस्त्याचा पूल कुठे बांधावा, यावर वेगवेगळ्या शहरांचे दावे होते. विश्वेश्वरय्या त्या वयात स्वतः तिथे गेले, जागा पाहिल्या आणि मोकामाच्या बाजूने अहवाल दिला. तो पूल १९५९ मध्ये खुला झाला. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरूत त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीत त्यांचे स्मारक आहे.

पांझरेकाठच्या फडांपैकी काही आजही तगून आहेत, बरेच मोडले आहेत. वर धरणे झाली, विहिरी आणि विजेचे पंप आले, ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या शेतात निघू लागले आणि पाट साफ करायला घरटी माणूस येईनासा झाला. दातर्तीच्या परिसरात नदी अजून तशीच वागते. आठ-नऊ महिने वाळू, आणि वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी.